घरी न्यायला एक माणूस

कपाट तीन दारांचं होतं आणि उचलणारा एक.

"आईच्या गुडघ्यापुढे तुमचं काय मोठं आहे हो?"

पंप झिरपत असेल तर आधी सील बघावं. सील ठीक असेल तर ते बसवणारा माणूस बघावा.

पाहुण्यांच्या घरी पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणाऱ्या मुलाला त्याची आई तिथे काही बोलत नाही. घरी आल्यावर बोलते.

इकडच्या बसमध्ये भाऊंच्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरायची.

"टॅक्सीवाला तुमचा कोण लागतो?"

फोडणीला आवाज हवा.

*

ही वाक्यं दोरीवरून उडालेल्या कपड्यांसारखी कुठली कुठे पडलेली दिसतात. पण ती सगळी भाऊंच्या उजव्या जांघेत एकत्र येतात. तिथे भाऊंना हर्निया झाला होता.

भाऊ घरातले थोरले. आधी भावंडांनी भाऊ म्हटलं, मग गल्लीने, मग कारखान्याने. पुढेपुढे सासरेबुवाही जावयाला भाऊ म्हणू लागले, तेव्हा निदान नातं तरी नीट ठेवा अशी तंबी वहिनींनी दिली. (वहिनी म्हणजे भाऊंची बायको. नवरा जगाचा भाऊ झाला की बायकोला वहिनी होण्यावाचून गत्यंतर नसतं.) पासपोर्टवरचं नाव कपाटातल्या कोऱ्या रुमालासारखं पडून होतं. ते परदेशात आल्यावर पहिल्यांदा वापरात आलं, आणि त्या नावाने कुणी हाक मारली की भाऊ मागे वळून बघत, की बुवा कुणाला बोलावताहेत.

कंपनी पंप बनवायची. तिने भाऊंना इकडच्या कारखान्यात पाठवलं ते तयार पंप पाण्यावर चालवून कुठे झिरपतंय हे शोधायला. यात भाऊंचा हात धरणारा कुणी नव्हता. नुसत्या कानाने ते गळती सांगत. अशा माणसाला स्वतःच्या पोटाची भिंत एका जागी फाटल्याचा पत्ता लागला नाही, ही गोष्ट त्यांनी कारखान्यात कधीच कुणाला सांगितली नाही. धंद्याची अब्रू असते.

कपाटाचं असं झालं. इकडे आल्यावर वहिनींनी ते पसंत केलं, दुकानवाल्यांनी इमारतीच्या दारात आणून ठेवलं आणि "आमचं काम दारापर्यंत" म्हणून ते निघून गेले. लिफ्टमध्ये ते मावेना.

"कुणाला तरी हाक मारा ना," वहिनी म्हणाल्या.

"कुणाला?"

तिकडे नुसतं खिडकीतून "अरे, जरा या रे" म्हटलं असतं तर तिघंजण बनियनवर धावत आले असते, चौथ्याने जिन्यात उभं राहून "तिरकं करा, तिरकं" असा सल्ला दिला असता, आणि कपाट एखादा कोपरा गमावून का होईना, वर पोचलं असतं. इथे जिन्यात सहा मजल्यांची शांतता होती. शेवटी भाऊंनी कपाटाला मिठी मारली. वहिनी वरून "डावीकडे, डावीकडे" करत राहिल्या. कपाट घरात शिरलं त्याच क्षणी भाऊंच्या आतड्याचं एक वेटोळं आपलं घर सोडून बाहेर काय चाललंय ते बघायला आलं.

*

ऑपरेशनची तारीख मिळायला कित्येक महिने गेले. आणि मिळाली ती नेमकी वहिनींच्या आईच्या गुडघ्याच्या तारखेला खेटून.

"आईच्या गुडघ्यापुढे तुमचं काय मोठं आहे हो?" वहिनी बॅग भरता भरता म्हणाल्या.

"मोठं होतंय रोज. तेच तर दुखणं आहे."

"डॉक्टर म्हणाले ना, सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी. केस कापून यावं तसं."

"केस कापताना भूल देत नाहीत."

"तुम्हाला तीही लागत नाही. खुर्चीत बसल्या बसल्या घोरता."

वहिनी गेल्या. दुसऱ्याच दिवशी इस्पितळातून फोन आला. तारखा देणाऱ्या बाईंचा आवाज गोड होता. फाशीची तारीखही त्यांनी याच आवाजात दिली असती.

"मंगळवारी सकाळी या. घरी न्यायला कोण येणार?"

"माझा मी जाईन."

"भूल दिलेली असेल तुम्हाला."

"उतरली की जाईन."

"एकट्याला सोडत नाही आम्ही. ओळखीचा मोठा माणूस लागतो. घरी न्यायला, आणि रात्रीपर्यंत सोबत थांबायला."

"टॅक्सी करीन."

"टॅक्सीवाला तुमचा कोण लागतो?"

भाऊंची आत्याच बोलल्यासारखी वाटली. तिलाही कुठल्याही माणसाबद्दल एवढी एकच माहिती हवी असायची.

"माणूस नसेल तर ऑपरेशन होणार नाही," बाई गोडव्याला धक्का न लावता म्हणाल्या. "आणि ही तारीख गेली तर रांगेच्या शेवटी जावं लागेल."

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की आता लांबवू नका, बाहेर आलेलं आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. म्हणजे हिशेब सरळ होता. मंगळवारपर्यंत एक माणूस. सुंदर, विद्वान, निर्व्यसनी असण्याची अट नव्हती. ओळखीचा आणि वयाने मोठा, बस. भाऊंच्या लग्नात अशी माणसं मांडवात मावली नव्हती. तीन पंगती उठल्या तरी जिन्यावर पानं मांडावी लागली. त्यांतला एकही जिन्यावरचा इसम इथे उपयोगाचा नव्हता.

*

इथे भाऊंच्या घराण्याची रीत समजून घ्यायला हवी, नाहीतर वाचणारा म्हणेल की एवढं काय, कुणालाही सांगायचं.

त्या घराण्यात मागत नसत. मागतो तो भिकारी. त्या घराण्यात कानावर घालत. वडिलांना दवाखान्यात जायचं असलं की ते शेजाऱ्याच्या फाटकाशी उभं राहून "आज रिक्षा मिळत नाहीत म्हणे" एवढंच म्हणायचे. शेजारी आतून स्कूटरची किल्ली घेऊन यायचा. वडील म्हणायचे, "छे छे, नको, तुम्ही कशाला?" शेजारी म्हणायचा, "बसा हो." वडील म्हणायचे, "अहो, खरंच नको." तोवर ते मागच्या सीटवर बसलेले असायचे. देणाऱ्याने दिलं, घेणाऱ्याने मागितलं नाही, दोघांची मान ताठ. असली नाजूक यंत्रणा कुठल्या कारखान्यात बनत नाही.

भाऊंनी ही यंत्रणा परदेशात चालू केली.

पहिल्यांदा गेजवाल्याच्या कानावर घातलं. हा भाऊंच्या शेजारच्या टेबलावर बसून पंपांच्या प्रेशर गेजांचे काटे तपासायचा. काटा केसभर हलला तरी त्याला झोप लागत नसे. वर्ष-दीड वर्षात दोघांचं बोलणं "सुप्रभात" आणि "आठ पूर्णांक दोन" यापलीकडे गेलं नव्हतं.

"मंगळवारी माझं एक छोटंसं ऑपरेशन आहे," भाऊ काट्याकडे बघत म्हणाले.

"अच्छा."

"बायको गावाला गेलीय."

"अच्छा."

"एकट्याला सोडत नाहीत म्हणे. टॅक्सीसुद्धा चालत नाही." एवढं बोलून भाऊंनी फाटकाशी उभं राहिल्यासारखा चेहरा केला.

गेजवाल्याने थोडा विचार केला. "मग मंगळवारच्या चाचण्या मी करतो," तो म्हणाला. "तू काळजी करू नकोस." आणि त्याने तशी वरिष्ठांकडे नोंदही करून टाकली. आता भाऊंना रजा होती, ऑपरेशन होतं, फक्त माणूस नव्हता.

मग न्हावी. न्हाव्याच्या हातात माणसाचं डोकं असतं, तेव्हा तो ऐकून घेतोच. भाऊंनी तेच चार वाक्यांचं पालुपद त्याच क्रमाने म्हटलं.

"मागे बारीक करू?" न्हाव्याने विचारलं.

मग इमारतीचा केअरटेकर. भाऊ म्हणाले, मंगळवारी ऑपरेशन आहे. केअरटेकर म्हणाला, मंगळवारी टाकी धुवायची आहे, पाणी नसेल. दोघांनी एकमेकांच्या कानावर जे घालायचं ते घातलं आणि समाधानाने आपापल्या वाटेने गेले.

*

"अरे भाऊ, माझा अनुभव सांगतो."

हे वाक्य ज्यांचं, ते इकडे येऊन इतकी वर्षं झालेले, की आपल्या माणसांत त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणत. अनुभवींकडे मोठी गाडी होती. तिच्यात सात माणसं बसत. बसवत ते कुणालाच नसत. त्यांनी ती फुटपाथला लावली, काच अर्धी खाली केली आणि भाऊंना बाहेर उभं ठेवून ज्ञान दिलं.

"कानावर घालून काय होतं? इथली माणसं वाईट नाहीत, पण थंड आहेत. त्यांना उबेवर आणावं लागतं. घरी जेवायला बोलव. आपलं मीठ पोटात गेलं की माणूस कुठे जातो?"

"मंगळवार आलाय हो. तुम्हीच जर..."

"अरे, आधी सांगायचं ना!" अनुभवी म्हणाले. (आधी सांगितलं होतं. दोनदा.) "मंगळवारी आपल्या मंडळात माझं भाषण आहे. विषय, परदेशात माणसं कशी जोडावीत. ये तूही." आणि काच वर गेली.

भाऊ काही ऑपरेशन सोडून त्या भाषणाला जाणार नव्हते. पण जेवणाची गोष्ट त्यांच्या मनात भरली. खाऊ घालण्यात मागणं नव्हतं, उलट देणं होतं. त्यांनी शनिवारी सातला गेजवाल्याला आणि केअरटेकरला बोलावलं. दोघंही लगेच "येतो" म्हणाले. एकदाही "कशाला उगाच" न म्हणता! भाऊंना त्यांच्या संस्काराबद्दल शंका आली.

आता सातला बोलावणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. सातला यजमानाने आंघोळ करायची असते. साडेसातला पाहुण्याने घरून निघायचं असतं. आठला दोघांनी एकमेकांना "फार उशीर तर नाही ना झाला?" असं विचारायचं असतं. गेजवाला मात्र केसभर न हलणाऱ्या काट्याचा माणूस. सातला त्याने बेल वाजवली तेव्हा भाऊ कमरेला पंचा लावून वरणाची फोडणी करत होते.

बेल ऐकून दचकायला झालं, हिंगाची डबी हातातून सुटली, तिच्या मागून मूठभर लाल मिरच्या कढईत पडल्या, आणि तेल तापलं होतं आधीच जास्त. वहिनींचा नियम होता, फोडणीला आवाज हवा. आवाज झाला. त्यात भर म्हणून छपरातल्या त्या पांढऱ्या वाटीनेही आवाज केला. ती वाटी भाऊंना आजवर शोभेची वाटत होती. तिची तार थेट अग्निशामक दलात गेली होती.

मिरचीच्या धुराने भाऊंना ठसका लागला. खोकताना जांघेवर हात दाबून धरा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून भाऊ एका हाताने वर्तमानपत्राने वारा घालत, दुसऱ्या हाताने जे धरायचं ते धरून, पंचा सावरायला तिसरा हात नसल्यामुळे भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी गाळत उभे होते. शिरस्त्राणं घालून आत शिरलेल्या दलाला हे दृश्य दिसलं. त्यांनी त्याचा अर्थ लावला आणि स्ट्रेचर मागवलं.

"मला काही झालेलं नाही," भाऊ म्हणाले.

"पडून राहा."

"अहो, ही फोडणी आहे."

"बोलू नका. श्वास घ्या."

सगळी इमारत खाली रस्त्यावर उभी होती. लहान मुलं, म्हातारे, ओल्या केसांच्या बायका, एकाची दाढी अर्धीच केलेली. त्यांच्यामधून भाऊंची मिरवणूक निघाली, चार खांद्यांवर नव्हे एवढंच. रुग्णवाहिकेपाशी दलाच्या नायकाने, ज्याचा आवाज दलाच्या नायकाला शोभेलसाच होता, विचारलं, "तुम्ही खाली काय धरून ठेवलंय? कुठे लागलंय?"

"ते जुनं आहे," भाऊ पुटपुटले.

"काय आहे?"

"हर्निया!" भाऊ ओरडले. "मंगळवारी ऑपरेशन आहे! न्यायला कुणी नाही!"

जे कानावर घालायला भाऊंना इतके दिवस लागले, ते एका दमात सहा मजल्यांच्या कानावर पडलं. पण चौकशी, सही, तपासणी यांत भाऊ तासभर गाडीत अडकले. आणि तेवढ्या तासात फुटपाथवर काय चमत्कार झाला पाहा. वर्षानुवर्षं एका जिन्याने जाणारी, एकमेकांकडे बघून भिंतीकडे बघणारी ती माणसं बोलायला लागली. कुणी थर्मास आणला. कुणी शाल दिली. अर्ध्या दाढीवाल्याला पाहून सगळे मनापासून हसले. एकमेकांचे नंबर घेतले, फोनवर एक गट केला आणि त्याला 'धूर' असं नाव दिलं. पुढच्या आठवड्यापासून लोक थाळ्या घेऊन एकमेकांच्या घरी जाऊ लागले.

भाऊंच्या मिरचीने इमारत जोडली. गटात भाऊ नव्हते. ते गाडीत होते ना.

गेजवाला कुंडीतलं फुलझाड हातात घेऊन बराच वेळ उभा होता म्हणे. मग ते केअरटेकरकडे देऊन घरी गेला. केअरटेकरने ते भाऊंच्या दारात ठेवलं. त्याखाली इमारतीच्या नियमांची प्रत होती. नियम सोळावा, धूर न करण्याचा, लाल शाईने अधोरेखित.

*

आता लिफ्ट.

चौथ्या मजल्यावर एक बाई राहत. पोस्टात काम करायच्या. त्यांचा कुत्रा म्हातारा होता आणि भाऊंना तो ओळखायचा. बाईंशी मात्र मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती. म्हणून भाऊ त्यांना मनातल्या मनात कुत्र्याच्या बाई म्हणत. सोमवारी संध्याकाळी भाऊ, बाई आणि कुत्रा लिफ्टमध्ये एकत्र आले.

"तुमचं उद्या ऑपरेशन ना?" बाईंनी विचारलं. "मी येऊ का तुम्हाला घ्यायला?"

हे असं झालं. फाटकातून शेजारी किल्ली घेऊन बाहेर आला.

आणि भाऊंच्या तोंडून, भाऊंना न विचारता, पिढ्यान् पिढ्यांच्या संस्काराचा एकमुखी उद्गार बाहेर पडला, "छे छे, नको नको! तुम्ही कशाला त्रास घेता?"

यात नकार कुठे होता? हा तर स्वीकाराचा पहिला टप्पा. आता बाईंनी "त्रास कसला?" म्हणायचं होतं. भाऊंनी "अहो, खरंच नको" म्हणायचं होतं. मग बाईंनी जरा रागावून "आता काही बोलू नका, मी येणार म्हणजे येणार" असं म्हणायचं होतं, आणि भाऊंनी पडेल चेहऱ्याने, मनातून गुढी उभारून, मान्य करायचं होतं. संहिता तयार होती. भाऊ आपलं वाक्य बोलून पुढच्या वाक्याची वाट बघत उभे राहिले.

"बरं," बाई म्हणाल्या.

चौथा मजला आला. दार उघडलं. कुत्र्याने एकदा मागे वळून भाऊंकडे बघितलं. त्याला कळलं होतं, असं भाऊ अजून म्हणतात. दार बंद झालं. भाऊंचा मजला दुसरा. तो येऊन गेला होता. लिफ्ट त्यांना घेऊन सहाव्यापर्यंत गेली, तिथे थोडी थांबली, आणि कुणी काही म्हणत नाही हे पाहून खाली आली.

*

"मग जा की चौथ्या मजल्यावर! बेल दाबा आणि सांगा, या म्हणून!" वहिनी फोनवर.

"आता कसं सांगणार? मी नको म्हटलंय."

"नको म्हटलंत म्हणजे काय लग्नाची बोलणी मोडली?"

"तू असं कधी केलंयस? तुझ्या आईने कधी केलंय?"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, जावईबापूंना म्हणावं जपून हो. मीच आले असते, पण गुडघा..."

"नको नको, तुम्ही कशाला?" भाऊ सवयीने म्हणाले.

*

मंगळवारी भाऊ एकटे गेले. परिचारिकेने विचारलं, न्यायला कोण? भाऊ म्हणाले, "मित्र येतोय." शब्द तोंडात नवा होता. नवीन कवळीसारखा.

"त्याचं नाव सांगा, नंतर विचारायला येते," म्हणून ती दुसरीकडे गेली.

मागून गाठी बांधायचा तो निळा झगा घालून भाऊ बाकावर बसले. शेजारी तसाच झगा घालून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. जन्माने इथलेच. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दुखणं तेच, बाजू डावी. माणसाचा मान, हुद्दा, देश हे सगळं पाठीमागे उघड्या झग्यात मावत नाही, त्यामुळे बोलणं चटकन सुरू झालं.

"तुम्हाला न्यायला कोण येतंय?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"मित्र. तुम्हाला?"

"मित्र."

दोघांनीही आपापल्या झग्याच्या गाठी चाचपल्या.

"माझा काही येत नाहीये," मास्तर म्हणाले.

"माझाही."

"असं बघा," मास्तर सरसावून बसले, वर्गात फळ्याकडे वळावं तसे. "माझा नंबर आधी आहे. तुम्ही आत असाल तेव्हा मी शुद्धीवर येईन. म्हणजे मी तुम्हाला घरी नेऊ शकतो."

"आणि तुम्हाला कोण नेणार?"

"तुम्ही. आपण निघेपर्यंत तुम्हीही शुद्धीवर आलेले असणार."

भाऊंनी गळती शोधायचा प्रयत्न केला. पण त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि मास्तरांचा आवाज इतका खात्रीचा होता की त्यावर नद्या उलट्या वाहिल्या असत्या. दोघांच्या परिचारिका वेगळ्या होत्या. एकीला भाऊंनी मास्तरांचं नाव सांगितलं, दुसरीला मास्तरांनी भाऊंचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी भाऊंचं पासपोर्टवरचं नाव मित्र म्हणून सांगितलं होतं.

*

भूल उतरल्यानंतरचं भाऊंना तुकड्यातुकड्याने आठवतं. छताचा रंग. कुणीतरी पाणी पाजलं ते. मग मुख्य परिचारिका, जिच्यापुढे तो दलाचा नायकही कुजबुजला असता.

"यांचे मित्र कुठे आहेत?"

"ते काय," भाऊ आनंदाने म्हणाले आणि बोट दाखवलं. शेजारच्या खाटेवर मास्तर चष्मा उलटा घालून पडले होते. त्यांनी हात हलवला.

"आणि *यांचे* मित्र?"

मास्तरांनी भाऊंकडे बोट दाखवलं.

मुख्य परिचारिका पुढे जे बोलली त्यात दोघांच्या वयाचा, शिक्षणाचा आणि एकूण पुरुषजातीचा सविस्तर परामर्श होता. शेवटी ती मास्तरांना म्हणाली, "यांचं एक समजू शकते, हे परके आहेत. पण तुम्ही? याच गावात जन्मलात!"

"माणसं होती हो," मास्तर म्हणाले. "काही गेली, काही मुलांकडे गेली. उरलीत त्यांना सांगायला लाज वाटली."

भाऊंना हे नीट ऐकू आलं. इकडची माणसं थंड, आपली माणसं उबदार, अशी दोन कप्प्यांची मांडणी त्यांनी इतके महिने सांभाळून ठेवली होती. दोन्ही कप्प्यांत एकच सामान निघालं तर माणसाने रागवायचं कुणावर? भूल अजून पुरती उतरलेली नसल्यामुळे त्यांनी कुणावरच रागवायचं नाही असं ठरवलं.

"खाटा रिकाम्या करायच्या आहेत," परिचारिका म्हणाली. "कुणाला तरी फोन करा. आत्ता."

भाऊंनी फोन घेतला. वैद्यकशास्त्र सांगतं की भुलीने वेदना जाते. तिने तात्पुरता मानही जातो, हे कुठे छापलेलं नाही.

"मला न्यायला ये," भाऊ म्हणाले.

"कुठे?" गेजवाल्याने विचारलं.

"इस्पितळात."

"निघालो."

बस. ना फाटक, ना रिक्षा मिळत नाहीत म्हणे.

थोड्याच वेळात तो दारात होता. "मला वाटलं तुझी सोय झालीय," तो म्हणाला. "तू तर मला कामाचं सांगितलं होतंस ना?" मग त्याने झग्यातल्या दुसऱ्या माणसाकडे पाहिलं. "हे कोण?"

"यांनाही," भाऊ म्हणाले.

रात्रीपर्यंत सोबत थांबायची अट दोघांना होती आणि थांबणारा एकच, म्हणून तिघंही भाऊंच्या घरी आले. पलंग एकच मोठा. त्यावर भाऊ उजव्या अंगाला आणि मास्तर डाव्या अंगाला, म्हणजे टाके बाहेरच्या बाजूला राहतील अशी गेजवाल्याने मांडणी केली आणि समोर खुर्ची टाकून, काट्यावर नजर ठेवावी तशी, तो दोघांवर नजर ठेवून बसला.

"चहा?" त्याने विचारलं.

भाऊंनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मास्तर म्हणाले, "हो. दोघांना. आणि साखर घाल."

टाकीचं पाणी बंद होतं. गेजवाल्याने फ्रिजमधली पाण्याची बाटली काढली, चहा झाला, आणि मग मास्तरांनी एका विद्यार्थ्याची गोष्ट काढली जो नकाशात स्वतःचं घर समुद्रात दाखवायचा. हसायला मनाई होती. हसलं की टाक्यांना कळ जायची. भाऊ "अहो, नका ना" म्हणत, पोट धरून, डोळे पुसत हसत होते. गेजवालाही हसला. भाऊंनी त्याचे दात पहिल्यांदाच पाहिले.

तेवढ्यात वहिनींचा व्हिडिओ कॉल आला.

"झालं ना नीट? दुखतंय का?" आणि मग त्यांचा आवाज बदलला. "अहो, आपल्या पलंगावर कोण झोपलंय?"

"मित्र," भाऊ म्हणाले.

"आणि मागे खुर्चीत?"

"तोही."

वहिनींनी फोन डोळ्यांशी नेला. मग म्हणाल्या, "त्याला माझ्या चांगल्या कपातून चहा कुणी दिला?"

"त्याने त्याचा घेतला."

"असू दे," वहिनी म्हणाल्या.

कुत्र्याच्या बाईंनी भाऊंना घ्यायला जाता यावं म्हणून त्या मंगळवारची रजा रविवारीच मागून घेतली होती.